सुईणभाताचं कूळ

२० सप्टेंबर २०२३, बुधवार

दामोदर आता इतिहासकार झाला आहे. किराणा, खतं, छत्र्या, मोबाइलची कव्हरं — आणि इतिहास!

सकाळी चहाला आला तो कागद घेऊनच. 'वहिनी, एक सही फक्त.' सख्खा दीर, भिंतीपलीकडे राहतो, परसदार सामाईक, टाळणार कसा? सुईणभाताची सरकारी नोंदणी करायची आहे. 'दरबारी तांबडा' या नावाने, त्याच्या कंपनीकडून. जात मुळात कुठून आली हे कुणा जाणकाराने लिहून द्यावं लागतं, आणि घरात एक बी.एस्सी. बॉटनी फुकट पडून आहे!

सुईणभात म्हणजे खोडाळ्याकडच्या तळ्याच्या पाड्यावरचं तांबडं भात. बाळंतिणीला त्याची पेज देतात. दूध येतं, अंगावरून जाणं थांबतं, मोडलेलं हाडसुद्धा जुळतं म्हणे. लोक काय वाटेल ते सांगतात. लोह असेल जरा जास्त. बाकी, गरम पेज आयती हातात आली आणि चार दिवस कुणी काम सांगितलं नाही, की कुठलीही बाई सुधारेल.

मी कागद वाचला. जव्हार संस्थानच्या कुणा वैद्याने हे बी शंभर वर्षांपूर्वी काशीहून आणून दरबारात दिलं. खालच्या परिच्छेदात — साडेतीनशे वर्षांपूर्वी शिरपामाळला महाराजांचा मुक्काम पडला तेव्हा त्यांना हाच भात वाढला होता. मी विचारलं, वैद्याने नंतर आणलं तर आधी वाढलं कुणी? दामोदर शांतपणे म्हणाला, 'गिऱ्हाईक एवढं विचारत नाही.'

सही केली नाही. बिस्किटं मात्र त्याने संपवली.

दामोदरच्या बायकोची, पुष्पावतीची, आज ऋषिपंचमी. नांगरलेल्या जमिनीतलं खायचं नाही, म्हणून देवभात. तळ्याच्या कडेला आपसूक उगवणारं रानटी भात. मोखाड्याच्या माहेराहून मागवते दर वर्षी. मी तिला सांगितलं, हे तण आहे. शेतकरी उपटून फेकतात. 'असेल,' म्हणाली आणि निवडत राहिली. माझ्या जावेची चर्चेची पद्धत ही अशी. तीस वर्षं झाली, पुढचा शब्द ऐकलेला नाही.

२३ सप्टेंबर

तुषारचा फोन. माझा आठवीतला विद्यार्थी. परागीभवन हा शब्द दर वेळी नव्या पद्धतीने लिहायचा. आता डॉक्टर आहे, विद्यापीठात भाताची जनुकं तपासतो. देशाचं कसं होणार!

दामोदरच्या अर्जावर पाड्यावरच्या बचत गटाने हरकत घेतली आहे. भात आमचं, शेठच्या नावावर करू नका, एवढीच. मग नोंदणीवाल्यांनी दोन्हीकडचे नमुने तुषारकडे पाठवायला सांगितले. भात खरोखर वेगळी जात आहे का, आणि तिचं कूळ काय, ते तो ठरवणार. दामोदरचा नमुना पोचला. पाड्यावर त्याला एकट्याने जायची भीती वाटते. 'बाई, तुम्ही बरोबर असाल तर ते ऐकतील.'

ऐकतील! माझं कोण ऐकतं? पण जाते. एकदा या दरबारी थापांचं आणि पाड्यावरच्या देवाधर्माच्या थापांचं विज्ञानाने काय ते करून टाकू दे.

२५ सप्टेंबर, सोमवार

खोडाळ्याला जीपने गेलो. पुढच्या सीटवर चौघं. तुषारचे बूट पांढरे होते, पाड्यावर पोचेपर्यंत ते लाल झाले. बरं झालं.

गौराबाई म्हणजे बचत गटाची अध्यक्ष आणि सुईणभाताची मालकीण. गरीब बिचारी वगैरे मुळीच नाही. आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरच्या शेळ्या वळून बघतात. तोंडात मिश्री, कमरेला मोबाइल. मला मास्तरीण म्हणते, कारण तिचा भाऊ माझ्या वर्गात नापास झाला होता आणि ते ती विसरलेली नाही. सुरुवातच त्याने. 'भाऊ बरा हे माजा. नापासाचं काय दुखलं नाय त्याला.'

तुषारने छापील संमतीपत्र काढलं आणि वाचायला लागला. आम्ही खाली सही करणार स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना... सूनबाई रुपी दाराशी उभी होती, तिने पदर तोंडात कोंबला. गौराबाईने हात वर करून त्याला थांबवलं.

"म्हंजे तुमी बी मागता?"

"हो मावशी. रीतसर मागतो."

"रीतसर," ती म्हणाली, जणू जिलबीची चव घेते आहे. आत गेली. कणगीत हात घालून ओंजळभर तांबडं भात आणून तुषारच्या पिशवीत ओतलं. झोकात सही केली.

मग मी मुळाचं विचारलं. हे भात आलं कुठून? तिचं उत्तर असं — ती तळ्याची पोर. तळ्याने त्यांच्या घरी दिली. कधी? 'आमचे आजेसासूचे आजेसासूला इचारा.' दामोदरचा वैद्य परवडला! तो निदान काशीपर्यंत चालत गेला.

परत निघताना शेत पाहिलं. तळ्याला लागून एक अरुंद कोपरा आहे. तिथलं भात जरा वाकडंतिकडं, लोंब्यांना लांब लाल कुसळं. पिशवीतल्या दाण्यांना कुसळ नव्हतं. मळताना झडली असतील. रुपीला विचारलं तर म्हणाली, 'ता तसाच हे.' शिकायची इच्छाच नाही यांना.

२६ सप्टेंबर

पाठ धरली आहे. जीप.

८ ऑक्टोबर

शिरपामाळला दामोदरने टपरीवर नवा फलक लावला. शनिवार-रविवारची गर्दी. लाल पाकिटं, त्यावर घोडा. भाताच्या पाकिटावर घोडा कशाला? ठाण्याच्या एका बाईने मला विचारलं, 'आजी, ह्याने खरंच हिमोग्लोबिन वाढतं का हो?' मी म्हटलं, पालेभाजी खा. दामोदर दिवसभर बोलला नाही. तेवढाच आराम.

१८ ऑक्टोबर, बुधवार

निकाल आला!

दोन्ही नमुने एकच. दामोदरच्या पोत्यातला आणि गौराबाईच्या कणगीतला, भाऊ-भाऊ. आणि दोन्ही काय? पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारी वाटपात आलेलं साधं तांबडं. कोकणात निम्म्या गावांत असतं. वेगळी जात नाही, वेगळं कूळ नाही. ना दरबार, ना तळं.

मी मोठ्याने हसले. एकटीच. मग तुषारला पुन्हा फोन करून निकाल पुन्हा वाचायला लावला.

दामोदरचा अर्ज फेटाळला जाणार. तो ऐकून म्हणाला, 'चालतंय. नोंदणी नाही झाली तर नाही. नाव तर दरबारी सुईणभातच लिहीन. वेगळं काही नाहीच ना? मग कुणाचंही.' म्हणजे पाकिटावर आता पाड्याचं नाव, आत कोकणचं तांबडं. गौराबाईच्या गटातल्या बाया गुरुवारच्या बाजारात पाटीत थोडं थोडं घेऊन बसतात, त्यांच्यासमोर घोडा उभा राहणार.

पण त्यांचंही तेच कोकणचं ना? मग कुणाची बाजू घ्यायची? कुणाचीच नाही. दोघंही थापाडे. मी बरोबर होते.

२१ ऑक्टोबर, शनिवार

पाड्यावर गेले. निकाल स्वतः सांगायचा होता. खरं लिहायचं तर गौराबाईचं तोंड बघायचं होतं.

बघितलं. ती हसली! मला आधी वाटलं समजलं नाही. पुन्हा सांगितलं — तुमच्या भातात काही वेगळं नाही, सरकारी बियाण्याचं आहे, तळ्याने-बिळ्याने दिलेलं नाही. तशी ती आणखी हसली. रुपी तर खाली बसली पोट धरून.

मग गौराबाईने तोंड पुसलं.

"मागितलंत ना तुमी? मागणाऱ्याला देतात ता दिलं."

मला काही कळेना. रुपीने सांगितलं. शाळेत गेलेली आहे, नीट सांगते. सुईणभाताचं बी मागायचं नसतं. मागून दिलं तर औषधाचा गुण जातो, देणारीचाही आणि घेणारीचाही. ज्या बाईला हवं तिने लोंब्या पिकल्या की यायचं आणि गपचूप पदरात घेऊन जायचं. चोरून. शेतवालीने बघितलं तरी बघायचं नाही. लेकी सासरी नेतात त्याही चोरूनच नेतात, आईच्या शेतातून! कुणी मागितलंच, तर नाही म्हणायचं नाही, ते वाईट. कणगीतलं दुसरं तांबडं द्यायचं. पेज त्याचीही होते.

"आनि दामोदरशेठनं तं गाडी आनली व्हती मागायला," गौराबाई म्हणाली. "भरून दिली."

मी तिथेच त्यांना सुनावलं. विद्यापीठाच्या माणसाला फसवलंत. कागदावर सही करून फसवलंत. मी कुसळं बघितली होती, हे आत्ता डोक्यात आलं आणि राग दुप्पट झाला. गौराबाई म्हणाली, फसवलं कुठे, दिलं ते तांबडंच होतं. आणि शेठच्या नावावर होऊ द्यायचं नव्हतं, ते झालं का नाही? नाही झालं. मग झालं तर!

चहा दिला. गोड मिट्ट. प्यावा लागला.

घरी आल्यावर पुष्पावतीच्या स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ओकले. चोरायचं म्हणे! शाळेत कॉपी केली म्हणून मी मुली वर्गाबाहेर उभ्या केल्या, आणि इथे चोरीची रीत! विज्ञानाला मागावं लागतं, विचारावं लागतं. विज्ञान काय भुरटं आहे? तिने भाकरी उलटली. 'असेल.'

दामोदरला सांगू नकोस म्हटलं. त्याची गरज नव्हती. ती कुणालाच काही सांगत नाही.

२४ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटून गेले लोक. मी कुसळांचा विचार करते आहे.

२८ ऑक्टोबर

तुषारशी भांडण. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग पुन्हा जाऊन खरा नमुना मागू. मी म्हटलं, मागितलास की कणगीतलंच मिळणार. तो म्हणाला, संमतीशिवाय नमुना घेता येत नाही, कायदा आहे, लोकांचं बियाणं उचलून नेणारे कमी झाले का? बरोबर आहे त्याचं. हाच कायदा नसता तर दामोदरसारख्यांनी एव्हाना डोंगर पाकिटात भरला असता.

म्हणजे मागितलं तर भात खोटं, न मागितलं तर आपण खोटे. दोन्ही शहाण्या रीती आणि मध्ये माझ्यासारखी बावळट.

पण कोपऱ्यातलं ते कुसळवालं आहे तरी काय?

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी चोरी केली.

लिहून ठेवते, कारण सांगण्यासारखं माणूस नाही.

सकाळची मोखाड्याची बस, पुढे जीप. नुसतं बघायला जाते असं स्वतःला सांगितलं होतं. साडी मात्र सुती आणि जाड पदराची नेसले. माझ्यातल्या खोटारडेपणाची तयारी माझ्याआधी झालेली होती!

शेतावर कापणी चालू. कोपरा तेवढा उभा. गौराबाई बांधावर होती. मला बघितलं. नक्की बघितलं, कारण तिचा हात कपाळावर गेला, उन्हात लांबचं बघताना जातो तसा. मी हाक मारणार, तेवढ्यात ती वळली आणि म्हशीला शिव्या द्यायला लागली. म्हैस झोपलेली होती. बिचारीला शिव्यांचं कारण कळलं नसेल. रुपीला एकदम विळ्याची धार तपासायची आठवण झाली. तीही पाठमोरी.

मी बांधाच्या कडेने गेले. या वयात वाकून. घाबरले होते. कशाला? माहीत असलेल्या माणसांसमोर चोरी करत होते, त्यांच्या परवानगीने, ती परवानगी मागितली नाही म्हणून मिळालेली. लोंबी ओढली तर निम्मे दाणे सुटून पदरात पडले. जराशा धक्क्याने गळतात. कुसळं बोटांना टोचली. मूठ, आणखी एक मूठ. मग भान सुटलं आणि बरंच घेतलं.

तळ्याच्या कडेला देवभात होतं. तीच लाल कुसळं, दाणा बारीक. एरवी तण म्हणून बघितलंही नसतं. त्याची पानं घेतली. तळं कुणाचं नाही, ते चोरीत धरू नये.

जीपमध्ये पदर गच्च धरून बसले. शेजारचा म्हणाला, 'आजी, अंडी हायत का?' मी हो म्हटलं. दिवसातलं दुसरं पाप.

६ नोव्हेंबर

तुषारने पाकीट बघितलं आणि घाम पुसला. 'बाई, नमुना कसा मिळाला ते लिहावं लागतं.' मी म्हटलं, लिही — पदरात मिळाला. तो म्हणाला, असा रकाना नाही. शेवटी ठरलं: तपासायचं, पण कुठे नोंदवायचं नाही. फक्त आपल्यासाठी. निकाल यायला वेळ लागेल. हा नमुना रांगेत शेवटी.

चांगला मुलगा आहे. परागीभवन अजून नीट लिहीत नसणार.

१४ डिसेंबर

काही नाही. थंडी. दामोदरने घोड्याचं कॅलेंडर छापलं. माझ्या दारावर लावून गेला, मी काढून रद्दीत टाकलं.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

तुषार स्वतः आला. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणाला.

पानातल्या हिरव्या पेशींत हरितलवकं असतात, त्यांची जनुकं वेगळी. भातात ती फक्त आईकडून येतात. बापाचा त्यात काही हिस्सा नाही. कॉलेजात हे एका ओळीत शिकले होते आणि परीक्षेत एका गुणाला लिहिलं होतं.

सुईणभाताची हरितलवकं तळ्यातल्या देवभाताची. तंतोतंत. बाकीची जनुकं बरीचशी या डोंगरातल्या जुन्या गरव्या, उशिरा पिकणाऱ्या भातांची. म्हणजे बाप शेतातला, आई तळ्यातली. किती पिढ्यांपूर्वी, ते नक्की सांगता येत नाही. काल-परवाचं नाही, एवढं खरं. सरकारी तांबड्याचा मागमूस नाही.

मी त्याला थांबवून पुन्हा सांगायला लावलं. मग कागद घेऊन स्वतः मांडून पाहिलं. देवभात तण म्हणून शेतात घुसलं असतं आणि त्याचा पराग भातावर पडला असता, तर आई भात ठरली असती. इथे उलट आहे. शेतातला पराग वाऱ्याने तळ्यावर गेला, देवभाताला दाणा धरला. देवभाताचा दाणा पिकला की हात लावायच्या आत गळतो, पाण्यात जातो. कापून आणता येत नाही. म्हणजे तो कुणीतरी गळायच्या आत झेलला. खाली पदर धरून. आणि शिजवला नाही, पेरला. मग जे कमी गळलं ते निवडलं, पुन्हा पेरलं. किती वर्षं, कोण जाणे.

राजा नाही. वैद्य नाही. काशी नाही. गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक बाई. ऋषिपंचमीचं देवभात गोळा करायला पुरुष कधी तळ्यात उतरलाय?

तुषार गेला. हे मी लिहिते आहे आणि मलाच राग येतो आहे. कुणाचा, ते कळत नाही.

१२ फेब्रुवारी

पुष्पावतीचं ऋषिपंचमीचं उरलेलं देवभात तिच्या फडताळात बरणीत आहे. आज मागितलं बघायला. दिलं. काही विचारलं नाही. मीही तण म्हटलं नाही.

३ मार्च

तुषारचं आता वेगळंच सुरू. हे छापायला हवं, नोंदवायला हवं, पाड्याचं नाव जगात जाईल. हवं फक्त संमतीपत्र आणि सरकारी बियाणे-पेढीत ठेवायला ओंजळभर बी. ओंजळभर बी! मागून!

मी नाही म्हटलं. तो चिडला. पहिल्यांदाच माझ्यावर.

"बाई, तुम्हीच शिकवलंत. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहायचं, लपवायचं नाही."

लागलं ते. जिथे लागायला हवं तिथेच.

मी म्हटलं, जे दिसलं ते चोरून दिसलं, ते लिहायचा हक्क आपला नाही. पाड्याला वाटलं तर ते तुझ्या दारात येतील, तोवर कपाटात ठेव. तो म्हणाला, ते कधीच येणार नाहीत. मी म्हटलं, मग कपाट चांगलं घे.

चहा न पिता गेला.

१० मार्च

पाड्यावर. तळं अर्ध्यावर आलंय. वाटलं, एवढं तरी सांगावं गौराबाईला. आई देवभात निघाली म्हणून. सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, शेठचं नाव परत तर नाही ना लागणार? नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला. कुणाची आई कोण, याचं तिला कौतुक नाही. उलट तिच्या मते तळ्यातल्या देवीने बी आधी मोराच्या चोचीत दिलं होतं. तिथे जनुकं पोचलेली नाहीत. असो.

मग चहा ओतताना म्हणाली, माझ्याकडे न बघता —

"औंदा त्या कोपऱ्याला डुक्कर लागलं व्हतं. लय हावरं डुक्कर. थोडं खायचं असतं, तं निम्मा कोपरा नेला."

रुपी उठून बाहेर पळाली. तिचं हसू कुडामागून ऐकू येत होतं.

मला डुक्कर म्हणाली, आणि मी खाली मान घालून चहा प्यायले. जव्हारातल्या कुणी पाहिलं असतं तर!

१८ जून

तुषारला देऊन थोडं बी उरलं होतं. डब्यात उंदीर लागतील म्हणून परसात पेरलं. मोरीचं पाणी जातं तिथे वाफा केला. दुसरं काही कारण नाही.

२ ऑगस्ट

दामोदरची स्वरा बाळंतपणाला माहेरी येणार. दामोदर गावभर सांगतो, लेकीला दरबारीचीच पेज देणार, पोतं वेगळं काढून ठेवलंय. त्याच्या थापा आता त्याच्याही गळी उतरल्या. हा खरा विक्रेता!

८ सप्टेंबर

ऋषिपंचमी. वाफ्यात लोंब्या बाहेर पडल्या. पुष्पावती कपडे वाळत घालताना थांबली, म्हणाली, 'कुसळं लांब आहेत.' मी हो म्हटलं. आमच्यातलं आजवरचं सर्वांत मोठं संभाषण.

१९ ऑक्टोबर, शनिवार

स्वराला मुलगी झाली. तीन दिवसांनी आज घरी आणली. रक्त बरंच गेलं, स्वरा पांढरी फटक दिसते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या वेळेवर घ्यायला मी तिला दरडावून आले. दामोदर वाटेवरच्या प्रत्येकाला पेढा आणि पाकीट देतोय. घोड्याचं.

पुष्पावती दिवसभर चुलीपाशी. पेज केली नाही. आणखी कशाची तरी वाट बघत असल्यासारखी.

२० ऑक्टोबर

सकाळी मोरीत भांडी विसळत होते. खिडकीतून परस दिसतं.

पुष्पावती वाफ्यापाशी वाकलेली. पदर पसरलेला. पलीकडे दुकानात दरबारीची पोती आढ्याला लागली आहेत.

तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

मी पाठ फिरवली आणि पातेल्यांचा जरा जास्तच आवाज केला.